रूपाली भुयारची कातडी

नत्थुजींवर पहिला घाव पडला तेव्हा रूपालीच्या हातात पळी होती. कढईच्या तळाशी बसलेली जळकी कणी काढायला तिने ती नुकतीच उकळत्या तेलात बुडवली होती.

मार्चमधली संध्याकाळ होती, साडेसहाची, उन्हं पुरती उतरली नव्हती. अमरावतीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रूपाली भुयारची गिला वड्याची, म्हणजे दह्यातल्या वड्याची, गाडी दहा वर्षांपासून लागत होती. नत्थुजी समोरच्या सरकीच्या गोदामाचे चौकीदार. सत्तरीचा माणूस, पोटात अल्सर, म्हणून रोज एकच प्लेट, दही जास्त आणि मिरचीची चटणी नाही. हातात द्रोण धरून ते गाडीला टेकून उभे होते. मागून दोन पोरं आली. एकाच्या हातात खाटकाचा सत्तूर होता. पहिला घाव खांद्यात बसला, दुसरा मानेवर. नत्थुजी किंचाळलेही नाहीत. "अरे, अरे," एवढंच म्हणाले, कोणी चुकून पायावर पाय दिल्यावर म्हणावं तसं.

गल्लीत तीस-चाळीस माणसं असतील. सगळी एका दमात मागे सरली. सत्तूर तिसऱ्यांदा वर गेला आणि रूपालीने पळीभर तेल त्या पोराच्या अंगावर फेकलं. तेल कानावर, मानेवर, खांद्यावर पडलं. पोरगा असा ओरडला की त्याचा साथीदार आधी पळाला आणि मग हाही सत्तूर टाकून त्याच्यामागे धावला. रूपालीने ओढणी काढून नत्थुजींच्या मानेला दाबून धरली. ऑटोत त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बोटांच्या फटींतून रक्त येतच राहिलं, आधी उड्या मारत, मग नुसतं पाझरत. दवाखान्याच्या फाटकात ऑटो वळला तेव्हा ते थांबलेलं होतं.

रूपाली मूळची वलगावची. बाप शेतकरी आणि मारकुटा. बैलाला जी पराणी, तीच लेकरांना. सहा बहीणभावंडांत रूपाली सगळ्यात तोंडाळ, म्हणून मारही तिनेच जास्त खाल्ला. लग्न होऊन अमरावतीत आली, श्रावणी झाली, तेव्हा तिने स्वतःशी एकच गोष्ट ठरवली होती, की पोरीवर हात उचलायचा नाही. शिव्या द्यायची, अशा की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पण हात उचलला नाही. नवरा देवीदास परतवाडा ते चिखलदरा जीप चालवायचा, आठवड्यातून दोनदा घरी यायचा. तो शांत माणूस. घाटात गाडी चालवणाऱ्याला शांतच राहावं लागतं, असं तो म्हणायचा.

नत्थुजी गेले त्या दिवशी तो तातडीने घरी आला आणि दार लावून बसला.

"तू काईच पाह्यलं नाई, असं सांगून दे," तो म्हणाला. "पोलीसवाले चार दिवसांनी विसरून जाईन. ते लोकं नाई विसरत."

"अवो, माह्या गाडीसमोर माणूस कापला," रूपाली म्हणाली. "त्याईचं रगत माह्या नखाईत हाये अजून. अन् मी काय सांगू, वडे तळत होती म्हणून दिसलं नाई?"

सत्तूर चालवणारा दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्यात सापडला. भाजलेल्या मानेला पट्टी करून घ्यायला तो तिथल्या एका डॉक्टरकडे गेला होता आणि डॉक्टरने गुपचूप पोलिसांना फोन केला. शिवम नाव, वय तेवीस. गोदामातून सरकीची पोती पळवणाऱ्यांची नावं नत्थुजींनी पोलिसांना दिली होती. त्यांत एक नाव त्याचं होतं. त्याचा साथीदार मात्र सापडला नाही. ओळख परेडीत रूपालीने त्याच्याकडे बोट केलं. तिला चेहरा पाहायची गरजच नव्हती. कानाची पाळी वितळून गालाला चिकटली होती.

एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, हेल्मेट घातलेला एक जण गाडीपाशी आला. रूपालीला वाटलं गिऱ्हाईक आहे. त्याने हेल्मेटची काच वर केली.

"माह्या भावाले भाजलं ना तुनं?" तो म्हणाला. "कसं वाटते ते पाह्य आता."

त्याच्या दोन्ही हातांत ओल्या पोत्याचे तुकडे होते. हे तिला दिसलं, पण त्याचा अर्थ लागायच्या आत त्याने कढईचे दोन्ही कान धरून ती तिच्यावर पालथी केली. रूपाली डावीकडे वळली म्हणून चेहरा वाचला. डावा हात, बगल, कूस, मांडी, सगळ्यावरून तेल गेलं. ड्रेसचं कापड कातडीला चिकटलं. कोणीतरी बादलीभर पाणी ओतलं, कोणीतरी ड्रेस ओढायला गेलं आणि कापडाबरोबर आणखी काहीतरी निघून आलं. आधी दुखलं नाही. मग जे दुखलं त्याला तिच्याकडे शिवीसुद्धा नव्हती.

अमरावतीत तीन दिवस ठेवून तिला अकोल्याला हलवलं. अकोल्याचा एप्रिल म्हणजे भिंतीसुद्धा तापलेल्या. जळितांच्या वॉर्डात कूलर होता, पण पाण्यातून जंतू पसरतात म्हणून कोरडाच चालायचा. रोज सकाळी नऊला ड्रेसिंग. नर्स आधी सुई द्यायची, तरी जुनी पट्टी निघताना रूपाली दातांत टॉवेल धरायची. मेलेली कातडी चिमट्याने उचलून कात्रीने कापत, ब्रशने घासत. शेजारच्या खाटेवरची एक बाई नऊ वाजायच्या आधीच रडायला लागायची. तिच्या नवऱ्याने तिला पेटवलं होतं. पंधराव्या दिवशी ती मेली, तेव्हा रूपालीने तिच्या नवऱ्याला, तिथे नसलेल्या माणसाला, इतक्या शिव्या घातल्या की वॉर्डबॉय बाहेर जाऊन उभा राहिला.

याच वॉर्डात निधी भेटली. चष्मा, पाठीवर सॅक, पांढरा कोट, पण गळ्यात स्टेथोस्कोप नाही.

"रूपालीताई, मी निधी. मी डॉक्टर नाही, संशोधन करते," ती म्हणाली. "उद्या तुमच्या ऑपरेशनमध्ये उजव्या मांडीवरची चांगली कातडी काढून हातावर लावतील. त्या वेळी जखमेच्या कडेची थोडी कातडी कापून टाकावी लागते. ती फेकण्याऐवजी आम्हाला द्याल का? नाही म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही."

"जळेल कातडीचं लोणचं घालता का वं मॅडम?"

निधीला हसावं की नाही ते कळेना. "जखम भरताना पेशी कशा बदलतात ते पाहायचंय. आणि भरल्यावर त्या पुन्हा पहिल्यासारख्या होतात का, तेही."

"होते का?"

"तेच माहीत नाही."

ही पोरगी निदान खोटं बोलत नाही, असं रूपालीला वाटलं. उजव्या हाताने तिने कागदावर सही केली. मग दर तीन महिन्यांनी व्रण दाखवायला अकोल्याला यायचं आणि त्या वेळी व्रणाच्या कडेचा डाळीएवढा तुकडा द्यायचा, असंही तिने कबूल केलं.

सात आठवड्यांनी ती घरी आली. डाव्या हातावर घट्ट, चामडीच्या रंगाचा दाबपट्टा, दिवसाचे तेवीस तास घालायचा. खाली व्रण दोरखंडासारखा उचलून आला होता, तांबडा, टणक. आणि खाज. दुखणं परवडलं, पण ही खाज नाही, असं ती म्हणायची. गोधडीचा काठ लागला, घामाचा थेंब ओघळला, शर्टाची शिवण घासली, की व्रण पेटायचा. चांगल्या हाताला डास चावला तर मोहरीएवढी गांधी यायची. तोच डास व्रणाच्या कडेला चावला तर बोराएवढी. दसऱ्याला तिने गाडी पुन्हा लावली. देवीदासने विरोध केला नाही. फक्त त्याने गाडीच्या मागे एक लोखंडी सळई बांधून ठेवली.

कोर्टात साक्ष झाली ती पुढच्या फेब्रुवारीत. शिवम आणि कढई पालथी करणारा त्याचा थोरला भाऊ, दोघांचे खटले एकाच कोर्टासमोर होते. आरोपींचे वकील हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते.

"म्हणजे माणूस भाजण्याची सुरुवात तुम्ही केलीत," ते म्हणाले.

"सुरुवात सत्तुरानं झाली साहेब."

"तुम्ही आरडाओरडा करू शकला असता. लोक होते."

"लोक मांगं सरकत होते. मी गाडीच्या आत होती, मले मांगं सरकाले जागाच नोती."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं. रूपालीची नजर आरोपीच्या पिंजऱ्याकडे गेली. शिवम मान वाकडी करून, नख न लावता, बोटांच्या पेरांनी कानाखाली चोळत होता. डॉक्टर खाजवू नका म्हणतात, तेव्हा माणूस असंच चोळतो. रूपालीचाही उजवा हात तेव्हा दाबपट्ट्यावर तसाच फिरत होता. तिने तो खाली घेतला. तिला त्याची दया आली नाही. उलट असा संताप उसळला, की त्याचा दुसरा कानही आपण तेव्हाच का जाळला नाही, असं तिच्या मनात आलं. तो संताप घरी येईपर्यंत उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. श्रावणी तेव्हा नववीत होती. उंच, कमी बोलणारी, बापाच्या वळणाची. ओट्यावरून स्टीलचं भांडं उचलताना तिचा धक्का लागला आणि भांडं फरशीवर आपटलं. आवाज मोठा झाला, इतकंच. भांडं रिकामं होतं. रूपाली पोळ्या लाटत होती. तिने मान वळवली आणि लाटणं पोरीच्या तोंडावर मारलं. पहिल्या फटक्याने भुवई फुटली. दुसरा कोपरावर, तिसरा पाठीत. श्रावणी ओट्याखाली शिरली, आणि रूपाली वाकून तिला केसांना धरून बाहेर ओढत होती, तेव्हा पोरगी म्हणाली, "आई, मी हाये. आई, मी श्रावणी."

रूपालीचा हात तिथेच थांबला. फरशीवर रक्त होतं. लाटण्याला पीठ आणि रक्त दोन्ही लागलं होतं.

भुवईला चार टाके पडले. गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, काय झालं? रूपाली म्हणाली, "बाथरूमात पडली." श्रावणी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिली. घरी आल्यावर तिने आपलं अंथरूण दाराजवळ घातलं, पाय दाराकडे करून. रूपालीला हे ओळखीचं होतं. वलगावच्या घरात तीही अशीच निजायची, उठून पळायला सोपं जावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी रूपालीची अकोल्याला व्रण दाखवायची तारीख होती. ती गेली. व्रण पाहून झाला, तुकडा घेऊन झाला. निधी नोंदी लिहीत होती.

"मॅडम," रूपाली म्हणाली, "वर्षभर माही कातडी नेऊन राहिल्या तुमी. काय दिसलं ते मले सांगा ना आता."

निधीने टेबलावरचा पट्टीचा गुंडाळा घेतला आणि थोडा उलगडला. "प्रत्येक पेशीत डीएनएचा एक लांबच लांब धागा असतो. ही पट्टी म्हणजे तो धागा समजा. त्यावर सगळ्या कामांच्या सूचना लिहिलेल्या आहेत. पण पेशीला सगळ्या लागत नाहीत, म्हणून बराचसा धागा असा गुंडाळून ठेवलेला असतो." तिने पेनाने पट्टीवर ठिपके केले. "अशा लहान रासायनिक खुणा असतात. कुठे उघडायचं, कुठे मिटायचं, ते त्या ठरवतात. जखम झाली की खुणा भराभर बदलतात. मिटलेले भाग उघडतात, आणि एरवी शांत बसलेली पेशी धावायला लागते, वाढते, सूज आणते. लिहिलेलं बदलत नाही. काय वाचलं जातं ते बदलतं. जखम भरली की बहुतेक भाग परत मिटतात."

"बहुतेक."

"हो. काही उघडेच राहतात. तुमच्या व्रणाच्या कडेला अजून आहेत. पुढच्या वेळी लवकर धावून जाता यावं म्हणून असेल कदाचित. उंदरांवर दिसलंय, एकदा सुजून बरी झालेली कातडी दुसरी जखम लवकर भरते. पण तीच कातडी छोट्याशा त्रासानेही जास्त भडकते."

"डास चावल्यावानी."

"अगदी तसंच."

रूपालीने पट्टीकडे पाहिलं. मग तिने जे विचारायला ती आली होती ते विचारलं.

"हे लेकीले जाते का?"

"नाही," निधी म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा उजळला, कारण या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं. "कातडीची पेशी दुभंगते तेव्हा तिच्या दोन पेशी होतात. त्यांना आम्ही कन्यापेशीच म्हणतो. या खुणा त्यांच्याकडे जातात. पण तुमची श्रावणी काही तुमच्या हाताच्या कातडीतून जन्मली नाही. आणि ती झाली तेव्हा ही जखमही नव्हती. घाबरू नका. तिच्यात हे गेलेलं नाही."

बाहेर कोणीतरी केसपेपरचे नंबर पुकारत होतं.

"म्हंजे आंगातून नाई गेलं," रूपाली म्हणाली. "मीच देऊन राहिली तिले. हातानं."

आणि मग तिने लाटण्याची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, केस धरून ओढल्याचीसुद्धा. पोरगी ओट्याखालून काय म्हणाली, तेही.

निधी सव्वीस वर्षांची होती. तिचे आजोबा वकील, आई कॉलेजात शिकवणारी. तिच्या घरात कोणी कोणाला लाटण्याने मारलं नव्हतं. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ताई, पेशीला राग येत नाही," ती म्हणाली. "मी पाहते ते तुमच्या हातावर आहे, मनात काय झालं ते मला यातून सांगता येणार नाही. ते कातडीच्या माथी मारलं तर मी खोटं बोलले असं होईल. पण वरच्या मजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत समुपदेशन करणाऱ्या बाई बसतात. त्या जळितांच्या पेशंटशी रोज बोलतात. तुम्ही जाल का?"

रूपाली वर गेली. खोलीबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसली आणि उठून बसस्टँडवर आली. पुढच्या खेपेलाही तसंच केलं. तिसऱ्या खेपेला आत गेली, आणि नंतर मात्र दर पंधरा दिवसांनी जाऊ लागली.

पण त्याच्या आधी टाके काढायचा दिवस आला. तोच गल्लीतला दवाखाना, तोच डॉक्टर. त्याने चिमटा उचलला तेव्हा रूपाली म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरगी पडली नोती. म्या मारलं."

डॉक्टर थांबला. बाहेर बसलेल्या बायका ऐकत होत्या. श्रावणीने त्या दिवसानंतर पहिल्यांदा आईकडे सरळ पाहिलं.

"कायनं?" डॉक्टरने विचारलं.

"लाटण्यानं."

त्याने टाके काढले, औषध लावलं आणि रूपालीला म्हणाला की हे पुन्हा झालं तर मी पोलिसांना कळवणार. रूपाली म्हणाली, "कळवाच."

घरी जाताना श्रावणी म्हणाली, "मी मामाकडं जातो, वलगावले. दहावी तिथूनच करतो."

ती विचारत नव्हती, सांगत होती. रूपालीच्या जिभेवर दहा वाक्यं आली. माणसाला आई एकच असते, मी काय रोज मारते का, तुझ्यासाठीच राबते. बापाने मारल्यावर तिच्या आईने तिला अशीच वाक्यं ऐकवली होती. ती गिळून रूपाली म्हणाली, "पुस्तकं कोण्ती नेतं? मी बांधून देतो."

वलगावला रूपालीचा भाऊ खुशालराव आणि वहिनी आरती यांनी पोरीला ठेवून घेतलं. बाप मरून बारा वर्षं झाली होती, घरात आता कोणाचा आवाज चढत नसे. रूपाली दर रविवारी बसने जायची. पहिले दोन महिने श्रावणी तिच्यासमोर बसायची आणि वाचत राहायची. रूपालीही बसून राहायची, मग तीनची बस धरायची.

निकाल नोव्हेंबरात लागला. शिवमला जन्मठेप, थोरल्या भावाला दहा वर्षं. निकाल ऐकायला रूपालीबरोबर देवीदास होता, आणि वलगावहून खुशालराव श्रावणीला घेऊन आला होता. सगळे कोर्टाच्या पायऱ्या उतरत असताना मागून एक बाई धावत आली. पन्नाशीची, सुती लुगडं, पायांत काही नाही. शिवमची आई, दुर्गाबाई. दोन्ही पोरं तिने आत्ताच पोलिसांच्या गाडीत चढताना पाहिली होती.

"माह्या लेकाचं तोंड जाळलं तुनं, रांडे!"

पहिल्या झडपेत तिने रूपालीचा दाबपट्टा धरून ओढला. तो कोपरापर्यंत सरकला. दुसऱ्या झडपेत तिची नखं दोन्ही हातांवर उतरली, उजव्यावर चांगल्या कातडीत आणि डाव्यावर व्रणाच्या अगदी कडेला, खोल. रक्त आलं. मग तिने रूपालीचा खांदा चावला. देवीदास पुढे झाला, खुशालराव पुढे झाला, पण बायकांच्या झटापटीत कुठे हात घालावा हे दोघांना कळेना.

रूपाली अंगाने दुप्पट होती. दहा वर्षं भरलेल्या कढया उचललेले हात होते. दुर्गाबाईचं नरडं तिच्या बोटांपासून वीतभर लांब होतं आणि आपण ते दाबू शकतो, हे तिला स्पष्ट दिसलं. ते तिला हवंही होतं. खाजवायची इच्छा होते ना, तसं ते बोटांत आलं.

तिने दुर्गाबाईची दोन्ही मनगटं धरली. नुसती धरली. पिरगाळली नाहीत, ढकललं नाही. दुर्गाबाईने लाथा मारल्या, डोक्याने छातीत धडक दिली, तोंडावर थुंकली. रूपाली मनगटं धरून उभी राहिली आणि तिला तोंडाने मात्र येतील तेवढ्या शिव्या देत राहिली, कोर्टाच्या आवारात, वकिलांसमोर, पोटच्या पोरीसमोर. दोन महिला पोलीस येईपर्यंत तीनचार मिनिटं गेली असतील. त्यांनी दुर्गाबाईला सोडवून नेलं तेव्हा ती हमसून रडत होती, आणि तिच्या मनगटांवर रूपालीच्या बोटांचे पांढरे ठसे होते.

"तक्रार लिहायची का?" पोलीसबाईने विचारलं.

"राहू द्या," रूपाली म्हणाली. "त्याईचे दोन्ही गेले आज."

मग ती पायरीवर बसली. श्रावणी जवळ आली, पाण्याची बाटली पुढे केली. हातात दिली नाही, शेजारी ठेवली.

अकोल्याला निधीने ते ओरखडे पाहिले आणि तिचे डोळे मोठे झाले. दोन्ही हातांवर, एकाच दिवशी, एकाच बाईच्या नखांनी झालेली जखम, असा योग कोणी ठरवून आणू शकत नव्हतं. तिने दर दोन दिवसांनी मोबाइलवर फोटो मागवले. डाव्या हातावरचे, व्रणाच्या कडेचे ओरखडे नवव्या दिवशी पुरते मिटले. उजव्या, निरोगी हातावरच्यांना तेरा दिवस लागले. मात्र डाव्या बाजूला सूज जास्त आली आणि खाज महिनाभर पुरली.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," निधी म्हणाली. "नखं सारखीच खोल गेली असतील असंही नाही. मी हे प्रबंधात टाकू शकणार नाही."

"मंग तुह्या वहीत लिहून ठेव," रूपाली म्हणाली. एव्हाना ती तिला मॅडम म्हणत नव्हती.

निधीने लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी तिचा प्रबंध झाला. त्यात रूपाली 'नमुना क्रमांक सतरा' होती. तिने तो जाडजूड गठ्ठा गाडीवर आणून दाखवला तेव्हा रूपालीने सतरा नंबरचा आलेख शोधून घेतला आणि त्यावर तेलकट बोट ठेवलं. डाग पडला, तो निधीने पुसला नाही.

श्रावणी दहावी होऊन जूनमध्ये परत आली. अमरावतीतल्या कॉलेजात नाव घातलं. आईने बोलावलं म्हणून ती आली नव्हती. बस रोज दोनदा बदलावी लागते, असं कारण तिने सांगितलं. रूपालीने ते कारण जसंच्या तसं घेतलं. चौदा नंबरच्या खोलीत ती अजून जाते. मारलं नाही पुन्हा, पण वाटलं नाही असं नाही. एकदा दुपारी तिने हातातली पळी खाली ठेवली, चपला घातल्या आणि बसस्टँडला तीन फेऱ्या मारून आली.

पोरगी आता आईशी बोलते, भांडतेसुद्धा, आणि भांडताना तिचा आवाज आईच्याच वळणावर जातो. भुवईत टाक्यांच्या जागी केस उगवले नाहीत. पण एक गोष्ट राहिली आहे. रूपालीचा हात अचानक वर गेला, मग तो फळीवरचा मिठाचा डबा काढायला का असेना, की श्रावणीचे डोळे मिटतात आणि मान खांद्यात जाते. क्षणभरच. लगेच ती उगाच केस सारखे करते, काही झालंच नाही असं दाखवते.

रूपालीने यावर एवढंच केलं, की आता हात उचलायच्या आधी ती बोलते. दिवसातून वीसदा. शेजारच्या बायका हसतात, बाई एकटीच काय बडबडते म्हणून.

"मीठ काढून राहिली वं," ती म्हणते, आणि मग हात वर करते.